हातचे तीन गुण

चव्वेचाळिसाव्या पानावर सरांच्या घरातला मग होता. निळा, पत्र्याचा, कानाजवळचा टवका उडालेला, आणि त्यात उभे करून ठेवलेले लाल पेन. सर मोठ्यानं वाचत होते. वाचता वाचता त्या मगापर्यंत आले आणि जिना संपला असं समजून पाय टाकावा, तर खाली आणखी एक पायरी निघावी, तसं त्यांचं झालं. निळे मग काय, जगात पुष्कळ असतात. टवकेही उडतात. त्यांनी स्वतःला असं समजावलं आणि पुढची ओळ वाचली : ‘तपासून झालं की बाबा कागदावर हलकेच फुंकर घालत आणि “हं” म्हणत. त्या “हं”वरून मला माझे गुण कळत.’ यापुढे त्यांचा आवाज गेला नाही. मुलं थोडा वेळ थांबली. सर गोष्ट वाचताना मध्ये थांबतात, कधी कधी मुद्दाम थांबतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण हे थांबणं लांबलं, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, ‘‘सर, पान चिकटलंय का?’’ आणि वर्ग हसला. सरही हसले असावेत. त्यांनी पुस्तक पहिल्या बाकावरच्या मुलीपुढे धरलं. ती सगळ्या गोष्टींवर वाद घालायची म्हणून वर्ग तिला ‘वकील’ म्हणायचा. ‘‘तू वाच पुढे,’’ सर म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन वर्गाकडे पाठ करून उभे राहिले.

नवी गोष्ट आधी वाचून यायची नाही, हा त्यांचा चौतीस वर्षांचा नेम. बाकीचे शिक्षक पुस्तक आल्याबरोबर उत्तरं काढून ठेवायचे. सर म्हणायचे, शिकवणाऱ्याला शेवट माहीत असला की त्याचा आवाज चुगली करतो. मुलांना रस्ता चुकू द्यायचा असेल तर आपणही त्यांच्याबरोबर चुकायला हवं. म्हणून आज सकाळी गठ्ठ्यातून निघालेलं कोरं पुस्तक, डिंकाचा वास तसाच असलेलं, ते वर्गात घेऊन आले होते. पाठाच्या वर लेखिकेचं नाव होतं. नाव अनोळखी, आडनाव अनोळखी. खाली बारीक अक्षरांत एकच ओळ : लेखिका एका प्रयोगशाळेत काम करतात. ती ओळ त्यांनी वाचली होती आणि त्यांना काही वाटलं नव्हतं. अकरा वर्षं माणूस कान टवकारून बसतो, आणि हाक येते तेव्हा नेमका चष्मा पुसत असतो. आता त्या वकील पोरीच्या बारीक, ठासून बोलणाऱ्या आवाजात त्यांचं घर त्यांच्या पाठीमागे उलगडत होतं. जेवणाचं टेबल, त्याचा एक पाय आखूड म्हणून खाली घातलेली पुठ्ठ्याची घडी, टेबलाशी बसून रोज एक पान लिहून दाखवणारी मुलगी, आणि ते पान परीक्षेच्या पेपरासारखं तपासणारे बाबा. ‘बाबा मला दहापैकी सातच गुण देत. उरलेले तीन ते हातचे राखून ठेवत. ते कागदावर मिळत नसत. त्यासाठी समोर जाऊन बसावं लागे, भांडावं लागे.’ वर्गात खसखस पिकली. एकजण म्हणाला, ‘‘आपल्या सरांसारखेच आहेत की!’’ दुसरा म्हणाला, ‘‘आपले सर कुठे सात देतात?’’ खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई चादर झटकत होती. ती चादर वर जायची, क्षणभर फुगायची आणि पडायची. सर त्या चादरीला धरून उभे होते.

गोष्ट लहान होती, साडेतीन पानांची. मुलगी मोठी होते. दुसऱ्या शहरात जाते. तिथं तिचं सगळं मोडतं. काय मोडतं ते लेखिकेनं सांगितलेलं नाही, फक्त भाड्याच्या खोलीतल्या दाराला आतून लावलेली खुर्ची दाखवली आहे. ती बाबांना चार पानांचं पत्र लिहिते, आणि शेवटच्या ओळीत विचारते : मी परत येऊ का? मग ती उत्तराची वाट बघते. विसाव्या दिवशी तिचं पाकीट न फोडलेलं परत येतं. सोबत शेजाऱ्याची चिठ्ठी असते, की तुझे बाबा पत्र पोचायच्या आधीच गेले. मुलगी पाकीट फोडते, लाल पेन घेते, आपलंच पत्र तपासते आणि खाली दहापैकी सात लिहिते. ‘उरलेले तीन मागायला समोर कोणी नव्हतं.’ वकिलीणबाईंनी शेवटची ओळ वाचली आणि पुस्तक मिटलं. सर वळले. त्यांना वळावंच लागलं, कारण अडतीस हात वर झाले होते. बोलण्यासाठी नव्हे, गोष्ट संपली की हात वर करून पंजा उघडायचा, हे त्यांनीच शिकवलेलं होतं.

या पंज्यामुळेच मुलं त्यांना पाठीमागे ‘पाचबोटे’ म्हणत, आणि नव्या मुलांना ते सरांचं आडनावच वाटे. अंगठा म्हणजे कोण. तो बाकीच्या चारी बोटांना जाऊन भिडतो, म्हणून गोष्टीतलं माणूस. तर्जनी म्हणजे कुठे आणि केव्हा, कारण ती जागा दाखवते. मधलं सगळ्यांत लांब, म्हणजे काय काय घडलं. चौथं बोट सर जरा थांबून धरायचे. ‘‘हिला स्वतःचं नावसुद्धा नाही, म्हणून अनामिका. गोष्टीत जे अडलेलं असतं, जे माणसाला पाहिजे असतं आणि मिळत नाही, ते असंच असतं. ते कुणी नावानं सांगत नाही. शोधावं लागतं.’’ आणि करंगळी म्हणजे गोष्ट संपल्यावर हातात काय उरलं ते. सगळ्यांत लहान, पण पोर बापाला धरतं ते तिलाच. मग ते पंजा उलटा करून दाखवायचे. ‘‘आणि ही बोटं उगवली कशावर? तळहातावर. गोष्ट कोण सांगतंय हा तळहात. तो नसेल तर बोटं नुसती सांडलेली.’’ हे सगळं त्यांनी प्रथम शाळेत सांगितलेलं नव्हतं. सहा वर्षांच्या लेकीला ताप होता, झोप येत नव्हती, तेव्हा तिचाच तापलेला पंजा हातात घेऊन ते त्यांना सुचलं होतं. शाळेला दिलं ते नंतर.

‘‘अंगठा?’’ सरांनी विचारलं. आवाज कुठून तरी आला. ‘‘मुलगी!’’ ‘‘मुलगी आणि बाबा.’’ ‘‘बाबा कसे? ते तर मेलेत.’’ ‘‘मेलेला माणूस पात्र नसतो होय रे?’’ तर्जनी झाली, मधलं झालं. अनामिकेवर गाडी नेहमीसारखी अडली. कुणी म्हणालं, तिला घरी यायचं होतं. कुणी म्हणालं, तिला तीन गुण हवे होते. सर मान हलवत होते, हो म्हणत होते, नाही म्हणत होते. त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. आणि मग त्यांच्या तोंडून तो प्रश्न गेला. त्यांना तो विचारायचा नव्हता. पण चौतीस वर्षांची जीभ, ती सवयीच्या उतारावरून घरंगळत गेली. ‘‘लेखिकेनं बाबांना का मारलं?’’ कुणी म्हणालं, दुःखी शेवट पाहिजे म्हणून. कुणी म्हणालं, म्हातारे असतील. वकील उठून उभी राहिली. ‘‘सर, पटावं म्हणून.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘तुम्हीच सांगता ना, गोष्टीत काहीही घडू दे, पण पटलं पाहिजे. आता बघा, मुलीनं इतकं विचारलंय, मी येऊ का म्हणून. बाबा जिवंत असते तर त्यांनी ये म्हटलंच असतं. कुठलेही बाबा म्हणतील. नाही म्हटलं असं दाखवलं असतं, तर गोष्ट खोटी वाटली असती. म्हणून तिला ते मारावेच लागले.’’

‘‘शाब्बास,’’ सर म्हणाले. ‘‘बस.’’

शिक्षकांच्या खोलीत ते तास संपल्यावर बसले, ते पुढच्या तासाची घंटा होऊनही बसून राहिले. खरी गोष्ट याहून साधी होती, आणि पटण्यासारखी नव्हती. पत्र पोचलं होतं. चार पानं. दुपारची वेळ, जेवणाचं टेबल, पुठ्ठ्याची घडी. त्यांनी ते उभ्यानंच फोडलं, आणि पहिल्या पानाच्या मध्यावर खाली बसले. दाराला लावलेली खुर्ची त्या पत्रात होती. स्वयंपाकघराच्या दारातून बायकोनं विचारलं, ‘‘काय म्हणतेय?’’ आणि ते म्हणाले, ‘‘बरं लिहिलंय.’’ शेवटच्या ओळीपाशी त्यांच्या छातीत काहीतरी असं भरून आलं की त्याला शब्द देणं त्यांना जमेना. त्यांनी कोरा कागद घेतला. तो कोरा राहिला. लोकांच्या पोरांना निबंध लिहून देणारा हा माणूस, त्याला स्वतःच्या पोरीला दोन अक्षरं लिहिता येईनात. मग हात आपसूक मगाकडे गेला. त्यांनी तिच्या पत्रावरच लिहिलं, समासात, लाल शाईनं : ‘सुरुवात लांबली आहे. मुख्य मुद्दा शेवटच्या ओळीत आला; तो आधी हवा होता.’ आणि खाली, गोल करून, दहापैकी सात. त्यांना वाटलं होतं, यात सगळं आलं. सात बघितल्यावर ती हसेल, रडेल, आणि उरलेले तीन मागायला पहिल्या गाडीनं येईल. ‘ये’ म्हणण्याचा त्यांच्याकडे दुसरा मार्गच नव्हता, आणि हा त्या दोघांचाच होता, इतर कुणाला कळला नसता. त्यांनी शाईवर फुंकर घातली. ‘हं’ म्हणाले. स्वतः जाऊन पाकीट टाकून आले, आणि परत येताना ती येईल म्हणून तिच्या खोलीसाठी नवा दिवासुद्धा घेऊन आले.

तो दिवा वापरला गेला नाही. पंधरा दिवस गेले, महिना गेला, मग एके दिवशी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, जरा विनोद केल्यासारखं. ती भांडी पुसत होती. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. ‘‘लेकीचं पत्र तपासतं का हो कुणी?’’ एवढंच म्हणाली. ते म्हणाले, ‘‘अगं, पण तिला कळायला हवं होतं. सात म्हणजे काय ते तिला ठाऊक आहे.’’ बायको म्हणाली, ‘‘बुडणाऱ्याला कोडं घालायचं नसतं. हात द्यायचा असतो.’’ मग ते दोघं त्या शहरात गेले. खोली रिकामी झालेली होती, घरमालकाला काही ठाऊक नव्हतं. त्यांनी लिहिलेली पत्रं पत्त्यावर माणूस नाही म्हणून परत आली. तीन वर्षांनी बायको गेली. शेवटच्या आठवड्यात दारावर कुणी थाप मारली की ती मान वळवायची. सर उठून दार उघडायचे, दूधवाला असायचा, नाहीतर शेजारची. ती परत मान भिंतीकडे वळवायची, पण त्यांना काही बोलायची नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या न बोलण्याचं ओझं ते आठ वर्षं वाहत होते. मनातल्या मनात एकच हिशोब पुन्हा पुन्हा मांडत होते : तिला सातचा अर्थ आठवला नसेल. लहानपणचा खेळ तो, विसरली असेल. ती विसरली असेल, या एका गोष्टीवर त्यांनी आठ वर्षं रेटली होती. आणि आज छापील अक्षरांत, अडतीस मुलांच्या हातांत, पुरावा होता. ती विसरली नव्हती. तिला अर्थ कळला होता. कळूनही ती आली नव्हती, आणि पुढे कधीतरी, बापाला माफ करायचा दुसरा रस्ता दिसेना म्हणून, तिनं त्याला मारून टाकलं होतं. ते मरण किती मायेनं लिहिलं होतं तिनं. पाकीटसुद्धा फोडू दिलं नव्हतं त्यांना. त्यांचे हात स्वच्छ ठेवले होते.

पाठाखाली स्वाध्याय होता. पहिला प्रश्न, ‘बाबा तीन गुण का राखून ठेवत?’ आणि शिक्षकांसाठीच्या पुस्तिकेत त्याचं उत्तर दिलेलं : मुलीला शिस्त लागावी म्हणून. सरांनी ते दोनदा वाचलं. शेवटी उपक्रम होता : ‘या कथेच्या लेखिकेला पत्र लिहा. निवडक पत्रे पाठ्यपुस्तक कचेरीच्या पत्त्यावर पाठवल्यास ती लेखिकेपर्यंत पोचवली जातील.’ पोचवली जातील. सरांनी त्या शब्दांवर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून बसले, जणू बोट उचललं तर शब्द उडून जातील.

संध्याकाळी घरी त्यांनी टेबल पुसलं, कागद काढले. पहिलं पत्र ‘चि.’ने सुरू झालं, आणि तिसऱ्या ओळीत त्यांच्या लक्षात आलं की आपण खुलासा करतोय, ते फाडलं. दुसऱ्यात त्यांनी आईच्या जाण्याची बातमी लिहिली, आणि ती वाचल्यावर तिचा चेहरा कसा होईल हे दिसलं, तेही फाडलं. तिसऱ्यात तिची गोष्ट किती चांगली उतरली आहे ते लिहिलं, पात्रं मोजकी, वातावरण नेमकं, शेवट उचित. वाचून बघितलं आणि तेही बाजूला सारलं. ते पुन्हा तपासत होते. दुसरं काही येतच नव्हतं त्यांना. माणसाच्या हाताला चौतीस वर्षांत एकच वळण पडलं की तो मायेनं गालावरून फिरायला जावा आणि चुकीखाली रेघ ओढून यावा. निळा मग समोर होता. त्यातले सगळे पेन लाल होते. घरात दुसऱ्या रंगाचा पेनच नव्हता. त्यांनी मग उचलला, तोंडाशी कान लावल्यासारखा धरला, आणि परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी वर्ग पत्रं लिहायला बसला. एरवी सर बाकांमधून फिरायचे, खांद्यावरून वाकून बघायचे. आज ते खुर्चीतून उठले नाहीत. खणात शिसपेनाचा एक तुकडा सापडला. त्यांनी त्या तुकड्यानं एका कागदावर एक ओळ लिहिली आणि मुलांनी पत्रं आणून टेबलावर रचली तेव्हा तो कागद त्यांत सरकवून दिला. वर ठेवला असता तर लेक पहिल्याच कागदाला थांबली असती. तळाशी ठेवला असता तर ती तिथवर कदाचित पोचलीच नसती. मध्ये कुठेतरी. अडतिसांच्या गर्दीत अंग चोरून. भित्रेपणाची ही हद्द झाली, हे त्यांना कळत होतं.

शाळा सुटल्यावर गठ्ठा बांधायला वकील थांबली. तिनं सुतळी तोंडात धरली आणि पत्रं मोजली. मग पुन्हा मोजली. ‘‘सर, एक जास्त भरतंय. एकोणचाळीस.’’

‘‘असू दे.’’

‘‘असू दे कसं? कुणीतरी दोनदा दिलंय.’’ ती चाळू लागली, आणि तिला तो कागद सापडला. ‘‘हे बघा. नाव नाही, गाव नाही. ‘मी जिवंत आहे.’ एवढंच! हा त्या मागच्या बाकाचा चावटपणा असणार, सर. त्यांना सगळ्याची थट्टाच –’’ ती बोलता बोलता थांबली. तिची नजर कागदावरून फळ्यावर गेली. फळ्यावर सकाळपासूनची तारीख आणि पाठाचं नाव तसंच होतं, सरांच्या हातचं. तिनं परत कागदाकडे पाहिलं. बाहेर पटांगणावर कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. सरांना वाटलं, आता ही विचारेल, आणि मग आपल्याला खोटं बोलावं लागेल, आणि ते साधणार नाही.

तिनं कागद टेबलावर त्यांच्यापुढे ठेवला, सरळ केला. ‘‘याला तळहात नाहीये, सर,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘कोण सांगतंय तेच कळत नाही. तिला कसं कळणार?’’

सरांनी शिसपेन उचललं. ‘‘शिसपेन नको,’’ ती म्हणाली. ‘‘ते खोडता येतं.’’ आणि तिनं आपला निळा पेन टोपण काढून पुढे केला. त्यांनी कागदाच्या अगदी खाली लिहिलं : तुझे बाबा. दोनच शब्द, पण लिहून होईपर्यंत त्यांना घाम फुटला. पोरगी बघत होती. तिच्या डोळ्यांत गोष्ट उलटी फिरत होती, ते त्यांना दिसत होतं. निळा मग, टेबल, तीन गुण, सगळं एकेक करून जागेवर जात होतं.

‘‘आणि अनामिका?’’ तिनं विचारलं. आवाज आता वर्गातल्यासारखा नव्हता.

सरांनी पेन मधल्या कोऱ्या जागेवर नेला. मग त्यांनी तिथं लिहिलं : मी येऊ का?

‘‘मग आमची सगळ्यांचीच चुकली की पत्रं,’’ वकील गठ्ठ्याकडे बघत म्हणाली. ‘‘आम्ही सगळ्यांनी लिहिलंय, तुमचे बाबा गेले, वाईट वाटलं. मी तर दीड पान लिहिलंय. सगळ्यांना परत लिहायला सांगू?’’

‘‘राहू देत,’’ सर म्हणाले. ‘‘चुकलेलीच जाऊ देत.’’

तिनं गठ्ठा नीट ठोकून सारखा केला. सरांचा कागद घेतला, तो मध्ये घालायला बोटांनी जागा केली, आणि थांबली. ‘‘वर ठेवते,’’ ती म्हणाली. ‘‘मुद्दा आधी हवा. तुम्हीच म्हणता.’’ ती सुतळी ओढणार, तोच सरांनी हातानं तिला थांबवलं. शाई अजून ओली होती. ते खाली वाकले आणि त्यांनी कागदावर हलकेच फुंकर घातली. ‘हं’ मात्र त्यांना म्हणवलं नाही.